शंटिंगची छोटी इंजिनं: निवडायची कशी, जमवायची कशी, चालवायची कशी

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने येणाऱ्याचं लक्ष आधी जातं ते मेन लाइनच्या लांबलचक इंजिनांकडे. हौसेने ती घेतली जातात, घरी येतात, आणि मग कळतं की त्यांना नुसतं वळायला खोलीभर जागा लागते. शंटिंगच्या इंजिनाचं तसं नाही. यार्डात वाघिणी (मालडबे) पुढे-मागे करायच्या, जोडायच्या, सोडायच्या, हव्या त्या क्रमाने लावायच्या, एवढंच त्याचं काम. दोन मीटरच्या फळीवर ते तासन्‌तास खरंखुरं काम करत राहतं. अमेरिकेत त्याला स्विचर म्हणतात, ब्रिटनमध्ये शंटर. शोधताना दोन्ही शब्द वापरा, नाहीतर निम्मा माल नजरेआडच राहील.

खाली जे सांगतोय त्याचा कणा एकच आहे: शंटिंगचं इंजिन किती हळू आणि किती न अडखळता चालतं, यावरच ते घ्यायचं की नाही ते ठरवा. बॉडीवरची नक्षी, आवाज, दुर्मीळ रंगसंगती हे सगळं त्यानंतर. जे इंजिन सांध्यावर (एका रुळाच्या जिथे दोन वाटा फुटतात तिथे) थबकतं आणि बोटाने ढकलावं लागतं, ते कितीही देखणं असलं तरी काही दिवसांत कपाटात जातं.

१. आधी स्केल पक्की करा

स्केल म्हणजे खऱ्या रेल्वेच्या तुलनेत मॉडेलचं प्रमाण. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. ब्रिटिश ओओ १:७६ असते, पण रूळ एचओचेच, १६.५ मिमीचे. अमेरिकी ओ स्केल १:४८ आणि ३२ मिमी.

पहिल्या शंटरसाठी मी एचओ किंवा ओओच सुचवतो. एन स्केलमध्ये जागा वाचते हे खरं, पण तिथलं चार चाकी किंवा सहा चाकी इंजिन वजनाला इतकं हलकं असतं की रुळावरचा धुळीचा कणही त्याला अडवतो. मेन लाइनचं एन इंजिन वेगाच्या जोरावर असे कण ओलांडून जातं. शंटरकडे तो वेग नसतो.

इथले तीन खड्डे आधीच सांगून ठेवतो. पहिला: एचओ आणि ओओ एकाच रुळावर चालतात म्हणून शेजारी शेजारी ठेवू नका, ओओचं इंजिन एचओच्या वाघिणीजवळ थोराड दिसतं. दुसरा: ब्रिटिश एन १:१४८ असते आणि जपानी १:१५०. खोक्यावर नुसतं ‘एन’ पाहून समाधान मानू नका. तिसरा सगळ्यात महाग पडतो: मार्क्लिन या जर्मन कंपनीची एचओ इंजिनं रुळांच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या संपर्कातून वीज घेतात. ती सुंदर आणि टिकाऊ असतात, पण तुमच्या नेहमीच्या दोन रुळांच्या लेआउटवर चालणार नाहीत. मार्क्लिन घ्यायचं तर रुळांसकट तीच पद्धत घ्या.

२. खरी इंजिनं ओळखायला शिका

हा भाग घाईने उरकू नका. खऱ्या इंजिनाची ओळख असली की जाहिरातीतला चुकीचा तपशील लगेच कळतो, आणि संग्रहाला अर्थ येतो.

अमेरिकी डिझेल शंटरमध्ये ईएमडी या कारखान्याची मालिका सगळ्यात जास्त मिळते. एसडब्ल्यू-१ हे ६०० अश्वशक्तीचं, १९३८ पासून बनलेलं. एनडब्ल्यू-२ हे १,००० अश्वशक्तीचं, १९३९ ते १९४९ या काळातलं. दोन्ही लांबून सारखीच वाटतात. हुडवर, म्हणजे मोटरवरच्या लांबट झाकणावर बघा: एसडब्ल्यू-१ ला धुराचं नळकांडं एक, एनडब्ल्यू-२ ला दोन. कारणही सोपं आहे. आतलं ५६७ मालिकेचं इंजिन एकात सहा सिलिंडरचं, दुसऱ्यात बारा सिलिंडरचं. आवाजाचा डिकोडर (इंजिनाच्या आत बसणारी, हुकूम समजून घेणारी इलेक्ट्रॉनिक चकती) घेताना हेच तपासायचं असतं, कारण बारा सिलिंडरचा आवाज एसडब्ल्यू-१ मधून आला तर जाणकार कान लगेच टवकारतात. पुढे एसडब्ल्यू-७, एसडब्ल्यू-९ आणि एसडब्ल्यू-१२०० ही १,२०० अश्वशक्तीची भावंडं आली, आणि १९६६ मध्ये १,५०० अश्वशक्तीचं एसडब्ल्यू-१५००.

अल्को या दुसऱ्या अमेरिकी कारखान्याची एस मालिका माझी जास्त आवडती. एस-१ हे ६६० अश्वशक्तीचं आणि एस-२ हे टर्बोचार्जर असलेलं १,००० अश्वशक्तीचं, दोन्ही १९४० पासूनची. त्यांच्याखाली ब्लंट नावाच्या खास बोग्या (चाकं धरणाऱ्या फिरत्या चौकटी) होत्या. नंतर आलेल्या एस-३ आणि एस-४ ला एएआर (अमेरिकी रेल्वे कंपन्यांची संघटना) पद्धतीच्या साध्या बोग्या आल्या. म्हणजे वरची बॉडी जवळपास तीच, फरक पायाशी. जुन्या बाजारात एस-२ म्हणून एस-४ खपवलं जातं ते इथेच पकडायचं. ही नेहमीच लबाडी असते असं नाही, विकणाऱ्यालाच पुष्कळदा माहीत नसतं.

जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी इंजिन नवशिक्यांनी अवश्य बघावं. केबिन मधोमध, दोन्ही बाजूंना बुटकी हुडं. त्याचं वजन ४४ (अमेरिकी) टनच का, याचं उत्तर रुळात नाही, कामगार करारात आहे: ९०,००० पौंड किंवा त्याहून जड इंजिनावर चालकासोबत फायरमनही ठेवावा लागे. म्हणून कंपनीने त्या मर्यादेच्या जेमतेम खाली बसेल असं इंजिन बनवलं. एचओमध्ये ते जेमतेम १२ सेंमी भरतं, त्यामुळे छोट्या फळीवर ते फार शोभतं.

वाफेच्या काळातलं हवं असेल तर १९१८ चं यूएसआरए (पहिल्या महायुद्धात अमेरिकी रेल्वे चालवणारी सरकारी संस्था) ०-६-० बघा. सहा चालक चाकं, पुढेमागे आधाराची चाकं नाहीत, म्हणजे सगळं वजन ओढण्याच्या कामी. अनेक अमेरिकी शंटिंग इंजिनांच्या टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) मागची बाजू उतरती असे. उलटं जाताना चालकाला मागचं दिसावं म्हणून ती सोय. इंजिनाच्या पुढेमागे रुळालगत लाकडी पायफळ्या दिसतील, त्यांवर यार्डाची माणसं उभी राहत. धोक्याची म्हणून ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत बंद झाली. १९८५ चं यार्ड दाखवणार असाल तर पायफळीचं इंजिन तिथे चुकीचं.

ब्रिटिश बाजूला क्लास ०८ या डिझेल शंटरला पर्याय नाही. १९५२ ते १९६२ या काळात अशी ९९६ इंजिनं बनली, आणि काही अजून कामावर आहेत. चाकांच्या बाहेर चौकट आणि तिच्याबाहेर फिरणारे जोडदांडे, हे त्याचं रूप एकदा पाहिलं की विसरत नाही.

३. संग्रहाला एक दोरा असू द्या

जे दिसेल ते घेत गेलात तर कपाट भरतं आणि यार्ड मात्र उभं राहत नाही. एक दोरा धरा. एकच रेल्वे कंपनी आणि एकच दशक, हा सगळ्यात सोपा. किंवा एकाच कारखान्याची मालिका, समजा एस-१ ते एस-४. किंवा गाय-वासराची जोडी: ईएमडीने केबिनवाल्या इंजिनाला बिनकेबिनचं इंजिन कायमचं जोडून टीआर मालिका काढली होती, तिला रेल्वेवाले गाय-वासरूच म्हणत. दोरा कुठलाही चालेल, पण निदान पहिली दोन-तीन इंजिनं तरी रोज चालवण्यासाठीच घ्या. काचेआड ठेवण्यासाठी घेतलेल्या इंजिनाची तुम्हाला सवयच होत नाही.

नव्या मालात काटोचं एनडब्ल्यू-२, अ‍ॅटलासचं एस-२, बाकमनचं ४४ टनी, रॅपिडोचं एसडब्ल्यू-१२००आरएस आणि ओओमध्ये हॉर्नबी किंवा बाकमनचं क्लास ०८ ही शोध सुरू करायला चांगली नावं. सगळी एकाच वेळी बाजारात नसतात. बरेच कारखाने मागणी नोंदवून ठरावीक संख्येने माल काढतात, मग तीच इंजिनं काही काळ फक्त जुन्या बाजारात मिळतात.

४. विकत घेण्यापूर्वीची तपासणी

जुनं इंजिन घेणार असाल तर चालवून दाखवा असा आग्रह धरा. लांबून व्यवहार असेल तर व्हिडिओ मागा, आणि तोही सगळ्यात कमी वेगाचा. भरधाव पळणाऱ्या इंजिनाच्या व्हिडिओतून काहीच कळत नाही.

हळू म्हणजे किती, याचं माप असं. खरा शंटर वाघिणीला भिडताना माणसाच्या चालीने जातो, ताशी ४ किमीच्या आसपास. एचओमध्ये हे सेकंदाला सुमारे १.३ सेंमी होतं. रुळाशेजारी ३० सेंमीची पट्टी ठेवा. ते अंतर कापायला २३-२४ सेकंद लागले आणि इंजिन कुठेही थबकलं नाही, तर ते शंटिंगला लायक. त्या अंतराला सात-आठ सेकंदांहून जास्त लागतील इतका वेग उतरवताच ते धक्के खात असेल, तर गिअर किंवा वीज घेण्याच्या पट्ट्या यांत काहीतरी गडबड आहे.

दुसरी चाचणी कागदाची. एका बोगीखाली कागदाची पट्टी सरकवा, म्हणजे त्या चाकांचा रुळाशी संपर्क तुटेल. दुसऱ्या बोगीवर इंजिन चालायला हवं. मग उलट करून बघा. एका बाजूने चाललं आणि दुसऱ्या बाजूने मेलं, तर निम्मी चाकं वीज घेतच नाहीत.

याशिवाय हे बघा:

– गिअरला गेलेली भेग. अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला नायलॉनचा गिअर जुना झाला की चिरतो. खूण: चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’. चाकं बाहेर सरकतात आणि सांध्यावर इंजिन उतरतं. हे दुरुस्त होतं, नवे गिअर मिळतात, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या.

– जस्ताच्या मिश्रधातूची कीड. जुन्या चासीच्या धातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर वर्षांनंतर तो फुगतो, तडकतो, भुगा होतो. बॉडी चासीवरून निघता निघत नसेल किंवा धातूवर जाळीदार तडे असतील तर हात लावू नका. याला औषध नाही.

– रबरी टायर. ओढण्याची ताकद वाढावी म्हणून काही चाकांवर रबर चढवलेलं असतं. त्या चाकातून वीज येत नाही. छोट्या इंजिनात हा तोटा मोठा असतो.

– खेळण्याच्या संचातलं चार चाकी इंजिन. दिसायला गोड, पण गिअरचं प्रमाण वेगासाठी ठरवलेलं. ते एकतर उभं राहतं, नाहीतर उडी मारतं. मुलांसाठी छान, यार्डासाठी नाही.

५. हाताशी काय काय हवं

हत्यारं: बारीक पेचकसांचा संच, टोकदार चिमटा, चाकं आणि सांधे मोजायचं एनएमआरएचं (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे छंदींची संघटना) गेज, कपलरच्या (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांच्या) उंचीचं गेज, मल्टिमीटर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, इंजिन उलटं ठेवायला फोमचा पाळणा, प्लॅस्टिकला न खाणारं हलकं तेल आणि गिअरचं ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनधाग्याचं कापड.

कागद: इंजिनासोबत येणारा सुट्या भागांचा नकाशा कधीही फेकू नका. पाच वर्षांनी बॉडी उघडताना खटका कुठे आहे ते तोच सांगतो. खरेदीची पावती. आणि एक वही, प्रत्येक इंजिनाला एक पान: कारखाना आणि मॉडेल क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कधी घेतलं, कधी तेल घातलं, डिकोडर कोणता, त्याचा पत्ता (ज्या क्रमांकाने इंजिनाला हुकूम द्यायचा तो) काय, कोणत्या सेटिंगला काय आकडा दिला. इंजिनं दोनाची सहा झाली की वहीशिवाय चालत नाही.

६. पहिला तास

नवं इंजिन खोक्यातून काढून लगेच कामाला जुंपू नका. आधी गेजने चाकांमधलं अंतर तपासा. एखादं चाक कारखान्यातूनच जरा आत-बाहेर आलेलं असतं. मग मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा, ओझं न लावता. गोल रूळ नसेल तर फिरत्या रोलरचा स्टँड मिळतो, त्यावर इंजिन जागच्या जागी चालतं. त्यानंतर कमी वेगाची पट्टीवरची चाचणी घ्या आणि आकडा वहीत लिहा. पुढे कधी इंजिन बिघडलंय का अशी शंका आली तर तुलनेला हाच आकडा लागतो.

तेल जितकं कमी तितकं बरं. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब बेअरिंगला पुरतो. जास्तीचं तेल चाकांवर येतं, तिथून रुळांवर, आणि मग तुम्ही आठवडाभर रूळ पुसत बसता.

७. वीज अखंड पोचली पाहिजे

शंटरच्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंजिन वीज घेतं चाकांतून. चाकांच्या मागच्या बाजूला पातळ ब्राँझच्या पट्ट्या घासत असतात. पट्टी चाकाला अलगद टेकलेली हवी. दाब जास्त झाला तर चाक अडतं, कमी झाला तर ठिणग्या उडतात आणि काळा थर साचतो. इंजिन पाळण्यात उलटं ठेवून एकेक पट्टी भिंगाने बघा, चाक जरासं बाजूला सरकवा आणि पट्टी सोबत येते का ते पाहा.

चाकं साफ करायची माझी पद्धत: कागदी रुमालाचा तुकडा रुळावर आडवा टाका, त्यावर अल्कोहोलचे काही थेंब. एक बोगी रुमालावर, दुसरी उघड्या रुळावर. रुमाल बोटाने धरून इंजिन सुरू करा. चाकं जागच्या जागी फिरतात आणि रुमालावर काळ्या रेघा उमटतात. रुमाल सरकवत राहा, रेघा फिक्या होईपर्यंत. मग बोग्यांची अदलाबदल. अल्कोहोल बॉडीवर सांडू देऊ नका, अ‍ॅक्रिलिक रंग सुटतो. शिवाय ते पेट घेतं, म्हणून ठिणग्या उडणारं इंजिन असं साफ करू नका आणि खिडकी उघडी ठेवा.

रूळ घासायला खरखरीत रबर वापरायचा मोह टाळा. त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण जास्त वेगाने बसते. वाघिणींना प्लॅस्टिकची चाकं असतील तर ती बदलून धातूची घाला, रुळावरचा मळ बराच कमी होतो.

आता सांधा. सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. काही सांध्यांत फ्रॉग प्लॅस्टिकचा, म्हणजे निर्जीव असतो. जोडायला सोपा, कुठलीही तार लागत नाही. पण आखूड इंजिनाची मोजकीच चाकं वीज घेत असतील तर ते नेमकं तिथेच मरतं. शंटिंगच्या फळीवर सुरुवातीपासून जिवंत फ्रॉगचे सांधेच घाला. पेको कंपनीच्या मालात याला इलेक्ट्रोफ्रॉग म्हणतात, नव्या मालात युनिफ्रॉग. इलेक्ट्रोफ्रॉग बसवताना फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जोड घालायला विसरू नका, नाहीतर सांधा बदलताच शॉर्ट होईल. आणि फ्रॉगला वीज द्यायला सांध्याच्या मोटरबरोबर फिरणारा स्विच लावा. सांध्याच्या पातीने रुळाला टेकून वीज पोचवावी या भरवशावर राहिलात तर ती पहिल्या धुळीबरोबर दगा देते.

८. साधा कंट्रोलर की डीसीसी?

डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम पोचवणारी पद्धत. एकच इंजिन आणि एकच फळी असेल तर चांगला १२ व्होल्टचा साधा कंट्रोलर पुरतो. पण जुन्या, स्पंदनं देणाऱ्या कंट्रोलरवर गाभा नसलेल्या मोटरचं इंजिन चालवू नका, मोटर तापते. डीसीसीच्या रुळावर डिकोडर नसलेलं इंजिनही ठेवू नका. ते उभ्या उभ्या गुणगुणतं आणि आतून भाजतं.

तरीही शंटिंगसाठी मी डीसीसीच निवडेन, आणि ते आवाजासाठी नाही. डिकोडर मोटरचा उलटा व्होल्टेज मोजून वेग सांभाळतो, त्यामुळे ओझं बदललं तरी चाल तीच राहते. शिवाय त्याला कपॅसिटरचा साठा जोडता येतो, जो वीज तुटल्यावर काही क्षण इंजिन चालतं ठेवतो. मळका रूळ, निर्जीव फ्रॉग, सगळं पार होतं. छोट्या बॉडीत तो साठा मावेल का, हे विकत घेण्याआधी मोजा. ४४ टनीसारख्या इंजिनात मिलिमीटरचा हिशेब करावा लागतो.

डिकोडरच्या सेटिंगला सीव्ही म्हणतात. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो आधी बदला, सीव्ही १ मध्ये. सीव्ही २ सुरुवातीचा व्होल्टेज ठरवतो: १२८ पायऱ्यांच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकेल इतकाच ठेवा. सीव्ही ५ कमाल वेग: शंटरला तो निम्म्यावर आणा, म्हणजे नॉबची सगळी फिरकी हळू वेगाच्या कामी येते. सीव्ही ३ आणि ४ वेग घेणं आणि सोडणं यांसाठी, सुरुवातीला छोटे आकडे द्या. साठा जोडलेला असेल तर सीव्ही २९ मधून अ‍ॅनालॉगवर चालण्याची सोय बंद करा, नाहीतर इंजिन कधी कधी अचानक सुसाट सुटतं. गोंधळ झालाच तर बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं मूळ पदावर येतं. तुमच्या डिकोडरचं पत्रक मात्र आधी वाचा. आणि प्रोग्रॅमिंगच्या रुळावर सीव्ही वाचलाच जात नसेल तर डिकोडरला दोष देण्याआधी साठा सोडवून बघा, तोच मध्ये येत असतो.

९. कपलर जुळले तरच शंटिंग

अमेरिकी वाघिणींसाठी केडी कंपनीचे मुठीच्या आकाराचे कपलर हाच रूढ मार्ग. नंबर ५ वर्षानुवर्षं चालत आलाय. नंबर १४८ त्याच खोबणीत बसतो आणि जोडायला सोपा आहे. सगळी गाडी एकाच जातीच्या कपलरवर आणा. दोन जातींची सरमिसळ केली की नको तिथे सुटतं आणि हवं तिथे सुटत नाही. मग उंचीच्या गेजवर प्रत्येक कपलर तपासा. खाली लोंबणारी वाकडी तार सांध्याच्या रुळाला घासत असेल तर चिमट्याने जराशी वर घ्या.

सोडवायचे दोन मार्ग. एक म्हणजे बांबूची चपटी केलेली काडी: दोन मुठींच्या मध्ये वरून घालायची आणि हलकेच पिळायची. स्वस्त, खात्रीचा, आणि फळीवर कुठेही चालतो. दुसरा चुंबकाचा. रुळांमध्ये चुंबक बसवतात. इंजिन त्यावर थांबवा, केसभर मागे घ्या म्हणजे ताण सुटतो आणि तारा बाजूला ओढल्या जाऊन मुठी उघडतात. आता इंजिन थोडं दूर न्या आणि पुन्हा पुढे ढकला. उघडलेल्या मुठी एकमेकींना चिकटून राहतात पण अडकत नाहीत, म्हणून वाघीण ढकलत हव्या त्या जागी नेऊन सोडता येते. हे ‘केसभर मागे’ जमतं ते फक्त हळू चालणाऱ्या इंजिनाला. पहिल्यांदा ते जमलं की होणारा आनंद वेगळाच असतो.

वाघिणींचं वजनही बघा. एनएमआरएची शिफारस एचओसाठी अशी: १ औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. म्हणजे ६ इंची वाघीण ४ औंसांची, सुमारे ११३ ग्रॅम. हलकी वाघीण जोडताना नुसती पुढे पळत राहते. वजन बरोबर असूनही पळत असेल तर अ‍ॅक्सलला टेकेल अशी बारीक स्प्रिंग लावून तिला जरासा अडसर द्या.

१०. ठेवण

जुन्या खोक्यातला फोम वर्षांनी चिकट होतो आणि रंग घेऊन निघतो. इंजिन आणि फोम यांच्यामध्ये पॉलिथिनचा पातळ कागद घाला. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि ठेवणीतलं प्रत्येक इंजिन अधूनमधून रुळावर आणून चालवा, नाहीतर ग्रीस घट्ट होतं.

११. आता काम द्या: इंगलनूक

नवशिक्यासाठी याहून चांगला आराखडा मला माहीत नाही. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश छंदीने तो मांडला. दोन सांधे, तीन मार्ग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढा रूळ. एकूण वाघिणी आठ. एचओमध्ये ४० फुटी वाघिणी घेतल्या तर सुमारे २ मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद फळी लागते.

मापं मोजताना सांध्याच्या टोकापासून मोजू नका. शेजारच्या मार्गावरच्या वाघिणीला धक्का लागणार नाही अशी जागा जिथून सुरू होते, तिथून मोजा. तिथल्या चुकीने एक वाघीण कमी मावते आणि कोडं सुटेनासं होतं.

खेळ असा. आठ वाघिणींची आठ कार्डं करा, पिसा, पाच काढा. ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब मार्गावर उभ्या करा. पाच वाघिणींचे ६,७२० क्रम होऊ शकतात, त्यामुळे कंटाळा यायचा प्रश्न नाही. अडकलात तर आधी हवी असलेली वाघीण कुठल्या तरी आखूड मार्गाच्या तोंडाशी आणायची, हा विचार करा. बाकीच्या हालचाली त्यातून निघतात.

चालवताना यार्डाची शिस्त पाळा. भिडण्याआधी एका वाघिणीएवढं अंतर सोडून पूर्ण थांबा, मग माणसाच्या चालीने पुढे. जोडल्यावर किंचित मागे ओढून पकड बसली का ते बघा. सांधा फिरवताना इंजिन उभंच हवं.

इंगलनूक हातात बसलं की जॉन अ‍ॅलन यांचं टाइमसेव्हर करून बघा. पाच सांध्यांचं हे कोडं १९७२ मध्ये लोकांपुढे आलं. नावाप्रमाणे ते घड्याळाविरुद्ध खेळतात, आणि माझी हरकत तिथेच आहे: घड्याळ लावलं की लोक इंजिन पळवायला लागतात, वाघिणी आपटतात, कपलर वाकतात. त्यापेक्षा वेळ न मोजता चाली मोजा. ज्याने कमी चालींत काम केलं तो जिंकला, आणि वाघीण आपटली तर दोन चाली दंड.